कुंपणाने शेत खाल्ले

वाचकहो, पोळी खाऊन कोणी आजारी पडते काय? पाच वर्षांपूर्वी मला कोणी असे विचारले असते, तर मी हसलो असतो. जन्मभर शाळेत शिकवले, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. पण ही गोष्ट मला माझ्या नातीने शिकवली. ती आज तुम्हांला सांगतो.

नातीचे दुखणे

नात तेव्हा साडेपाच वर्षांची होती. तिच्या वयाची मुले अंगणात हुंदडत. ही मात्र ओट्यावर बसून राही. हातपाय काड्यांसारखे, पोट नगाऱ्यासारखे. दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौच होई. त्याचा रंग फिकट आणि वास फार घाण. तोंडात फोड येत. चेहरा पांढराफटक दिसे. दोन वर्षांत तिची उंची बोटभरही वाढली नसेल.

आम्ही काही कमी केले नाही. जंताचे औषध दिले. रक्त वाढावे म्हणून लोहाचे औषध दिले. आजीने दृष्ट काढली, अंगारा लावला. मीही माझे शहाणपण चालवले. सूनबाईंना म्हणालो, "भाकरी पोटाला जड पडते. हिला रोज दुधात पोळी कुस्करून द्या. सकाळी बिस्किटे द्या." सूनबाईंनी तसे केले. पोर आणखीच खंगली.

शेवटी जिल्ह्याच्या गावी मुलांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सारे ऐकून घेतले. रक्त तपासायला पाठवले. मग दुर्बिणीने आतडे पाहिले. आठ दिवसांनी ते म्हणाले, "गुरुजी, हिला सिलिअॅक नावाचा रोग आहे. हिला गहू चालत नाही. उद्यापासून हिचा गहू बंद, तो कायमचा."

मी खाली मान घालून बसलो. जे तिला बाधत होते, तेच मी रोज प्रेमाने तिच्या ताटात वाढत होतो.

पोळी लाटतात, भाकरी थापतात

आता असे पाहा. पोळी आपण लाटतो आणि भाकरी थापतो. असे का?

घरी एक प्रयोग करा. मूठभर कणीक घट्ट मळा. अर्धा तास झाकून ठेवा. मग तो गोळा पाण्याच्या भांड्यात चोळून चोळून धुवा. पाणी दुधासारखे पांढरे होईल. दोन-तीन वेळा पाणी बदला. शेवटी हातात रबरासारखा चिवट गोळा उरेल. तो ओढला तर ताणला जातो. यालाच ग्लुटेन म्हणतात. ग्लुटेनमुळे कणीक ताणली जाते, पोळी पातळ लाटता येते, पाव फुगतो.

आता ज्वारीच्या पिठाचा गोळा तसाच धुवा. सारे पीठ पाण्यात विरघळून जाईल. हातात काही उरणार नाही. ज्वारीत हे ग्लुटेन नाही. म्हणून भाकरीला गरम पाणी घालून पीठ मळावे लागते आणि हाताने थापावे लागते.

ग्लुटेन गव्हात आहे. जवातही तसाच पदार्थ आहे. जवाला कोणी सातू म्हणतात. परदेशात राय नावाचे धान्य पिकते, त्यातही आहे. बाकी बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. गहू चांगलेच धान्य आहे. पण ज्यांना सिलिअॅक आहे, त्यांच्या शरीराला ते मानवत नाही.

पोटात काय घडते?

आपल्या पोटात लहान आतडे असते. त्याच्या आतल्या बाजूस बारीक बारीक अंकुर असतात. भाताचे रोप वाफ्यात कसे दाट उगवते, तसे ते दिसतात. खाल्लेल्या अन्नातला कस हे अंकुर शोषून घेतात आणि रक्तात पोचवतात.

आपल्या शरीरात राखणदारही असतात. रोगजंतू आत शिरले, की ते त्यांच्याशी लढतात. सिलिअॅक असलेल्या माणसाचे राखणदार ग्लुटेनलाच शत्रू समजतात. ते लढायला उठतात, पण मार बसतो आपल्याच अंकुरांना. अंकुर झिजतात. आतडे सपाट होते. रोपे तुडवलेल्या वाफ्यासारखी त्याची गत होते. कुंपणानेच शेत खाल्ले, म्हणतात ते हेच.

अंकुर झिजले, की खाल्लेले अंगी लागत नाही. लोह शोषले जात नाही, म्हणून रक्त कमी होते. चुना म्हणजे कॅल्शियम शोषले जात नाही, म्हणून हाडे कच्ची राहतात. चरबी पचत नाही, म्हणून शौच चिकट व दुर्गंधीचे होते. ताटात चार घास जास्त वाढून काय उपयोग? शोषणारेच नाहीत.

हा रोग कोणाला होतो? शरीराची तशी ठेवण जन्मतः असावी लागते. ती वाडवडिलांकडून येते. घरात एकाला हा रोग असला, तर त्याच्या सख्ख्या भावंडांची, आईबापांची व मुलांची तपासणी करून घ्यावी. शंभर नातेवाइकांत साधारण दहा जणांना तो असू शकतो. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवल्याने पसरत नाही. तो कोणाच्या शापाने होत नाही. आईच्या हातून काही चुकले म्हणूनही होत नाही. माझ्या सूनबाईंना हे एक वाक्य ऐकून फार बरे वाटले. त्या दोन वर्षे स्वतःलाच दोष देत होत्या.

आपल्या देशात हा रोग दुर्मीळ आहे, असे पूर्वी समजत. ते खरे नाही. दिल्लीच्या परिसरातल्या लोकांची तपासणी करून २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शंभर माणसांत साधारण एकाला हा रोग आढळला. उत्तरेकडे रोजचे अन्न गव्हाचे. दक्षिणेकडे हा रोग बराच कमी आढळतो.

हे कसे कळले?

हा रोग जुना आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी आरेटिअस नावाच्या ग्रीक वैद्याने याचे वर्णन लिहून ठेवले. १८८८ साली लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी या मुलांविषयी लेख छापला. बरे व्हायचे असेल तर ते पथ्यानेच होईल, असे त्यांनी लिहिले. पण कोणते पथ्य, ते त्यांना उमगले नाही. पुढे काही डॉक्टर अशा मुलांना केळी खाऊ घालत. मुले सुधारत. लोकांना वाटे, केळ्यातच काही गुण आहे. खरा गुण केळ्यात नव्हता. केळी खाताना पाव सुटत होता, त्यात होता.

हॉलंड देशात विलेम कारेल डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्ध चालू असताना, त्या देशात भयंकर उपासमार झाली. पाव मिळेना. लोक कंदमुळे खाऊ लागले. हजारो माणसे भुकेने मेली. पण सिलिअॅकची मुले मात्र सुधारू लागली! पुढे पाव पुन्हा मिळू लागला आणि ती मुले पुन्हा आजारी पडली. डिके यांनी मुलांना वेगवेगळी धान्ये देऊन, मोजमाप ठेवून तपासले आणि १९५० साली आपला प्रबंध लिहिला. तेव्हा जगाला कळले, की दोष गव्हात आणि रायमध्ये आहे.

पाहा, सगळे रडत होते तेव्हा एका माणसाने नीट पाहिले आणि लिहून ठेवले. त्यातून लाखो मुले वाचली.

कधी संशय घ्यावा?

पुढील खुणा ध्यानात ठेवा.

१. पातळ शौच किंवा पोटफुगी महिनोन्‌महिने चालते, औषधाने थांबत नाही.
२. मूल खाते, पण वजन व उंची वाढत नाही.
३. लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही.
४. तोंडात वरचेवर फोड येतात, सारखा थकवा असतो.
५. मुलगी वयात यायला फार उशीर होतो.
६. थोडक्या मारानेही हाड मोडते.

हा रोग मोठ्या माणसांनाही होतो. कित्येकांना पातळ शौच मुळीच होत नाही. नुसते रक्त कमी असते. काही बायकांना दिवस राहत नाहीत किंवा राहिलेला गर्भ टिकत नाही. अशा बाईला घरचे लोक बोल लावतात. बोल लावू नये, तपासणी करावी.

मात्र या खुणा दिसल्या म्हणजे सिलिअॅकच, असे समजू नये. जंत, आव, क्षय अशा पुष्कळ कारणांनी असे होते. म्हणून तपासणी हवी. आधी टीटीजी नावाची रक्ततपासणी करतात. मग बहुधा दुर्बीण घालून आतड्याचा कणभर तुकडा काढतात आणि तो तपासतात. त्याला भिऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तपासणी होण्यापूर्वी आपल्या मनाने गहू बंद करू नका. गहू बंद केला, की अंकुर भरू लागतात आणि रक्तातली खूण पुसली जाते. मग रोग असूनही तपासणीत दिसत नाही. आधी तपासणी, मग पथ्य.

काय खावे?

या रोगावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. पथ्य हेच औषध. ते जन्मभर पाळायचे. ऐकून छाती दडपते. पण आपण महाराष्ट्राचे लोक भाग्यवान आहोत. आपली भाकरी आपल्या मदतीला आहे.

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राळा, राजगिरा हे सारे चालते. सर्व डाळी व कडधान्ये चालतात. भाज्या, फळे, शेंगदाणे, तीळ, गूळ, दूध, दही, तूप चालते. अंडी, मासे, मटण चालते. पोहे, मुरमुरे, लाह्या, साबुदाणा चालतो. माझ्या लहानपणी आमच्या घरी पोळी सणावारीच होई. बाकी वर्षभर भाकरी. म्हणजे हे पथ्य काही परके नाही.

आमच्याकडे एक गंमत आहे. उपासाच्या दिवशी भगर, साबुदाणा, राजगिऱ्याचे लाडू असतात. नात म्हणते, "आजी, रोजच एकादशी कर."

काय खाऊ नये?

पोळी, पुरी, रवा, मैदा, शेवया, कुरडया, दलिया, पाव, खारी, टोस्ट, बिस्किटे, शंकरपाळे, करंज्या हे सारे वर्ज्य. खपली, बन्सी, लोकवन, सारे गहूच. "खपली पचायला हलकी, ती चालेल," असे कोणी सांगितले तर ऐकू नका. खपलीतही ग्लुटेन आहे. सातूचे पीठ वर्ज्य. दुधात घालायच्या काही भुकटींत माल्ट असते. माल्ट बहुधा जवाचे असते, तेही वर्ज्य. ओटमध्ये पुष्कळदा गहू मिसळलेला असतो. डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये.

काही जिन्नस फसवे असतात. हिंग पाहा. बाजारातल्या डबीतला हिंग बहुधा शुद्ध नसतो. त्यात पीठ मिसळलेले असते आणि ते पुष्कळदा गव्हाचे असते. आम्ही चार महिने काटेकोर पथ्य करत होतो, तरी पोरीचे पोट पुरते ताळ्यावर येईना. मग डबी पाहिली. हिंगात मैदा! रोजच्या वरणातून गहू पोटात जात होता. थालीपिठाच्या भाजणीतही गहू असतो. घरी गहू न घालता भाजणी करावी.

घराची आणि गिरणीची काळजी

सिलिअॅकच्या माणसाला पोळीचा बारीक तुकडाही बाधतो. म्हणून एवढे करावे.

गिरणीत कोणाचा तरी गहू दळल्यावर लगेच आपली ज्वारी दळली, तर मागचे पीठ तिच्यात उतरते. शक्य असल्यास दळण घरच्या जात्यावर किंवा घरगुती गिरणीवर करावे आणि त्यावर गहू कधी दळू नये. आम्ही माळ्यावरचे जुने जाते खाली काढले. ज्वारी आधी ताटात निवडून घ्यावी. तिच्यात गव्हाचे दाणे असतात.

भाकरीची परात आणि तवा वेगळा ठेवावा. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे पापड तळू नयेत. तिचे जेवण आधी करावे, कणीक नंतर मळावी. तिच्या पिठाचा डबा झाकून वरच्या फळीवर ठेवावा.

अर्धे बिस्कीट

आता माझी दुसरी चूक सांगतो. पथ्य सुरू होऊन सात-आठ महिने झाले होते. नात चांगली खेळू लागली होती. एक दिवस शेजारच्या मुलांना बिस्किटे वाटली. ही बाजूला उभी राहून नुसती पाहत होती. मला राहवले नाही. म्हटले, अर्ध्याने काय होणार? अर्धे बिस्कीट तिच्या हातात दिले. रात्री तिला उलट्या झाल्या. सकाळपर्यंत पोट दुखत होते. आईने पुष्कळ विचारले, पण तिने माझे नाव सांगितले नाही. सकाळी मीच सांगितले.

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, हिला उलटी झाली म्हणून तुम्हांला कळले. कित्येकांना वरून काहीच होत नाही, आत मात्र अंकुर झिजतात. त्रास झाला नाही म्हणजे चालते, असे समजू नका." असे वर्षानुवर्षे चालले, तर हाडे ठिसूळ होतात आणि क्वचित आतड्याचा कर्करोगही होतो. जीव लावणे निराळे आणि लाड करणे निराळे, हे मला त्या दिवशी कळले.

दिव्याखाली अंधार

त्या दिवशी आजी मला म्हणाली, "अहो, तुम्ही गावाला शिकवलंत. मला मात्र डबीवरचं अक्षर कळत नाही. मला वाचायला शिकवा." मी गप्प झालो. दिव्याखाली अंधार तो हाच. एकसष्टाव्या वर्षी ती पाटी घेऊन बसली. पहिले पाच शब्द तिने स्वतःच निवडले: गहू, मैदा, रवा, जव, माल्ट. मग हिंदीतला 'गेहूँ' शिकली. आज ती पाकीट हातात घेते, चष्मा लावते आणि एकेक अक्षर जुळवत वाचते. इंग्रजी असेल तर शाळकरी मुलाकडून वाचून घेते. खात्री झाल्याशिवाय पाकीट घरात येत नाही.

पाकिटावर गहू असल्यास तसे छापलेच पाहिजे, असा आपल्याकडे नियम आहे. 'ग्लुटेनमुक्त' असे छापायचे, तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. हा नियम आपल्यासाठी आहे. पण वाचता येईल त्यालाच त्याचा उपयोग.

सणवार आणि प्रसाद

सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा असतो. "देवाच्या प्रसादाने काही होत नाही," असे शेजारीपाजारी म्हणत. आजीने त्यांना सांगितले, "देवाला भाव कळतो. पोरीला केळं द्या, साखर द्या. तोही प्रसादच." आता आमच्या आळीत पूजा असली, की तिच्यासाठी केळे बाजूला काढून ठेवतात. संक्रांतीला गुळपोळीऐवजी तिळाचा लाडू. गणपतीला तांदळाच्या उकडीचे मोदक. दिवाळीला अनारसे, बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा. होळीला आम्ही तिला नुसते पुरण वाटीत देतो, वर तूप. तिला ते पोळीपेक्षा जास्त आवडते.

शाळेत बाईंना सर्व सांगून ठेवावे. लग्नकार्यात जाताना तिची भाकरी फडक्यात बांधून न्यावी. लाज कसली? वारकरीही शिदोरी बांधून घेतातच.

नात आता अकराव्या वर्षात आहे. पोट सपाट झाले आहे. गालांवर लाली आली आहे. वर्गातल्या मुलींच्या बरोबरीने उंची आली. डॉक्टर वर्षातून एकदा रक्त तपासतात. परवा पाहुण्यांनी तिच्यापुढे बिस्किटाची बशी धरली. तिने बशी परत सरकवली आणि म्हणाली, "मला गहू चालत नाही. माझी भाकरी आहे." मग माझ्याकडे पाहून हळूच हसली.

प्रश्न

१. पोळी लाटता येते आणि भाकरी थापावी लागते, याचे कारण काय?
२. तपासणीपूर्वी गहू बंद का करू नये?
३. डॉक्टर डिके यांना गव्हाचा दोष कसा पटला?
४. तुमच्या घरातली हिंगाची डबी आणा. तिच्यावर काय लिहिले आहे, ते वाचा किंवा वाचून घ्या.
५. तुमच्या गावात रक्त न वाढणारे, न वाढीला लागणारे मूल आहे काय? त्याच्या आईला हा धडा वाचून दाखवा आणि डॉक्टरांकडे जायला सांगा.